समोरची रांग

“नाना, तुमच्या देवळात मला येता येईल का हो?”

जमीलनं हे विचारलं तेव्हा आम्ही दोघं पत्र्यावर बसून डबा खात होतो. त्याच्या डब्यात त्याच्या बायकोनं, कौसरनं, केलेलं अंड्याचं कालवण, माझ्या डब्यात मी केलेली खिचडी. माझी सिंधू गेल्यापासून मला तीन पदार्थ येतात, आणि तिन्ही खिचडीसारखेच लागतात.

“न यायला काय झालं? चपला काढायच्या आणि यायचं. पण तुला काय काम निघालं देवळात?”

“ते तुमचे टाळकरी बघायचेत. कसे उभे राहत्यात ते. तुम्ही रोज सांगताय, पण मी कधी नीट पायलंच नाय.”

मला इतका आनंद झाला की घास हातातच राहिला. आमच्या कीर्तनाला आपण होऊन कुणी येतो म्हटल्याला किती दिवस झाले होते कोण जाणे.

टाळकऱ्यांची गोष्ट निघाली ती कामावरून. दिंडोरीच्या अलीकडे, द्राक्षबागांच्या मधे, पॅकहाउस बांधायचं काम चाललं होतं. खाली शीतगृह, वर पॅकिंगचा हॉल. हंगाम लागला की त्या वरच्या हॉलात एका वेळी दीडशे बाया उभ्या राहून द्राक्षं भरणार, खोक्यांच्या थप्प्या छातीपर्यंत जाणार, लोखंडी चाकांच्या गाड्या फिरणार. सगळं वजन त्या एका मजल्यावर. मी सातपूरच्या एका कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. उभा जन्म गर्डर आणि वेल्डिंगमध्ये गेला, म्हणून ठेकेदारानं मला तपासनीस म्हणून बोलावलं होतं. स्टड बरोबर लागलेत की नाही ते बघायचं आणि कागदावर सही करायची, एवढंच माझं काम.

स्टड म्हणजे काय ते आधी सांगतो. या पद्धतीत लोखंडी गर्डरवर पन्हळीचा जस्ती पत्रा टाकतात आणि पत्र्यावर काँक्रीट ओततात. पण नुसतं ओतलेलं काँक्रीट गर्डरवर चादरीसारखं पडून राहतं. वजन आलं की गर्डर आपला वाकतो, काँक्रीट आपलं वाकतं, आणि दोघं एकमेकांवरून सरकतात. एका घरात राहून न बोलणाऱ्या दोन भावांसारखं. म्हणून चार इंच उंचीचे, टोपीवाल्या खिळ्यासारखे स्टड पत्र्यातून आरपार गर्डरला वेल्ड करतात. काँक्रीट त्यांच्याभोवती घट्ट बसतं आणि मग सरकायला वाव राहत नाही. दोघं मिळून एकच अंग होतात आणि वेगवेगळं राहून पेललं असतं त्याच्या कितीतरी पट पेलतात.

आता यातली मेख अशी, की पत्र्याच्या प्रत्येक पन्हळीच्या तळाला मधोमध एक उभी शीर असते. स्टड त्या शिरेवर बसत नाही. शिरेच्या अलीकडे तरी लावावा लागतो, नाहीतर पलीकडे.

“इकडं काय नि तिकडं काय,” जमील पहिल्या दिवशी म्हणाला होता, “वेल्ड तर वेल्डच हाय ना?”

“नाही बाबा. भार आला की काँक्रीट खांबांकडे सरकायला बघतं. स्टड त्याला मध्याकडे रेटून धरतो. रेटायचं तर त्याच्या पुढ्यात भरपूर काँक्रीट पाहिजे. म्हणून तो शिरेच्या खांबाकडच्या अंगाला लावायचा, पाठ खांबाकडे आणि तोंड गर्डरच्या मध्याकडे. उलट लावलास तर मध्याच्या अंगाला बोटभर काँक्रीट आणि लगेच पत्र्याची भिंत. जोर आला की तेवढा पापुद्रा फुटून निघतो. स्टडची ताकद पाचव्या हिश्श्यानं तरी जाते, कधी त्याहून जास्त.”

त्याच्या चेहऱ्यावर काही उमटेना, तेव्हा मी म्हणालो, “कीर्तनात टाळकरी पाहिलेस का? दोन रांगा असतात, समोरासमोर. अर्धे या अंगाला, अर्धे त्या अंगाला. सगळ्यांची तोंडं मध्याकडे, बुवांकडे. बुवांकडे पाठ करून कुणी उभा राहतो का? तसेच हे स्टड. गर्डरचा मध्य म्हणजे बुवा.”

“म्हंजे माझे सगळे स्टड माळकरी?” तो हसला.

“माळकरी. अंडं खात नाहीत.”

“आणि मी कोण?”

“तू सतरंजी अंथरणारा.”

“आणि नाना, तुम्ही?”

“मी चुकलेल्याला टपली मारणारा,” मी हातोडी दाखवली.

असं आमचं चालायचं. जमील सायखेड्याचा. दहा वर्षं दुसऱ्याच्या टोळीत स्टड वेल्ड करायची गन धरली, आणि या साइटला पहिल्यांदा स्वतःच्या नावावर काम घेतलं होतं. हाताखाली चार माणसं. मी सकाळी नाशिक रोडहून निघायचो, दोन बस बदलायचो, नऊला पत्र्यावर हजर. एरवी सहा वाजता परत, एकादशीला चारलाच. घरी कुलूप उघडलं की आधी देवघरातला दिवा लावायचा, मग रेडिओ. त्यानंतर दुसऱ्या दिवशी जमील “या नाना” म्हणेपर्यंत माझं नाव कुणी घ्यायचं नाही.

मजल्याचे दोन भाग होते. रस्त्याकडचा आणि बागेकडचा. रस्त्याकडच्या भागात मी स्वतः प्रत्येक गर्डरवर खडूनं खुणा करून दिल्या, मध्यावर आडवी रेघ मारली. जमीलच्या माणसांनी त्या खुणांवर नेमके स्टड लावले. एकही चुकला नाही. मग एकादशी आली.

आमच्या कॉलनीतलं विठ्ठलाचं देऊळ लहानच आहे. समोर पत्र्याची शेड, खाली शहाबादी फरशी. दर एकादशीला संध्याकाळी सहाला कीर्तन. या देवळात मी तीस वर्षं टाळ वाजवतोय. पलीकडच्या रांगेत माझ्यासमोर नवनाथ असायचा, नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला होता. आमचे टाळ एका वेळी लागत. त्यानं डोळ्यानं नुसतं खुणावलं की मी लय वाढवायचो. बायकांत पुढे बसलेली सिंधू घरी येताना म्हणायची, “तुम्ही दोघं तिथे भांडता की भजन करता?”

त्या संध्याकाळी जमील खरंच आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस विंचरलेले. शेडच्या खांबाला टेकून उभा राहिला. मी त्याला हात केला आणि माझ्या जागी जाऊन उभा राहिलो. सोमानं पखवाजावर थाप मारली, बुवांनी नाम घेतलं, आणि मी नेहमीसारखे डोळे मिटले. गेली दोन वर्षं मी डोळे मिटूनच वाजवतो. लोकांना वाटतं, कारभारीची, म्हणजे माझी, तंद्री लागते.

बुवांनी त्या दिवशी द्रौपदीच्या थाळीतल्या भाजीच्या पानाचं आख्यान लावलं. देवाला एक पान पुरलं आणि सगळे तृप्त झाले. मी शंभर वेळा ऐकलंय, तरी त्या पानाशी आलं की मी टाळ छातीशी धरतो. डोळे उघडले तेव्हा जमील खांबाशी तसाच उभा होता आणि एकटक आमच्याकडे बघत होता. तो जाताना मी त्याच्या हातावर प्रसादाचं केळं ठेवलं.

“समजलं का?” मी विचारलं.

“समजलं, नाना.” त्यानं केळं हातात फिरवलं. “लय भारी वाटलं. पण...”

“पण काय?”

“काय नाय. उद्या बोलू.”

उद्या बोलणं झालं नाही. रात्रीतून मला ताप भरला. चार दिवस मी अंथरुणाला खिळून होतो. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जायचा. पेज करायची, अर्धी प्यायची, अर्धी गार व्हायची. तिसऱ्या दिवशी दुपारी ग्लानीत मी “सिंधू, पाणी” म्हणालो आणि स्वतःच्याच आवाजानं जागा झालो. घरात भिंतीवरच्या घड्याळाशिवाय कुणी नव्हतं.

जमीलचा फोन मात्र रोज यायचा.

“नाना, गोळी घेतली का? कौसर विचारती, शोरबा पाठवू का? भाज्यांचाच हाय, घाबरू नका.”

“नको रे, एवढ्या लांबून कुठे. काम कसं चाललंय?”

“बागेकडचा भाग घेतलाय. काळजी करू नका. देवळात पायलं, अगदी तसंच लावतोय.”

हे ऐकून मला तापातसुद्धा बरं वाटलं. वाटलं, चला, आपलं कीर्तन कुणाच्या तरी कामी आलं.

पाचव्या दिवशी मी साइटवर गेलो. स्लॅब परवावर आला होता. पंप सांगून ठेवलेला, बागेकडच्या भागावर लोखंडी जाळ्यांचे गठ्ठे उतरवलेले, अजून अंथरायचे होते. मी हातोडी घेतली आणि पहिल्या गर्डरवरून चालायला लागलो. प्रत्येक स्टडच्या मुळाशी वितळलेल्या लोखंडाची कडी पूर्ण फिरलीय का ते बघायचं, हातोडीचा ठोका द्यायचा, पुढे सरकायचं. काम सुरेख होतं. एका रेघेत, एका उंचीचे. खांबापासून निघालो, पंधरा पन्हळी झाल्या, मध्य आला. इथून बाजू बदलायला हवी होती.

बदलली नव्हती.

सोळावा स्टड पंधराव्यासारखाच. सतरावाही तसाच. मी पार पलीकडच्या खांबापर्यंत गेलो. तिथला शेवटचा स्टड खांबाकडे तोंड करून, मध्याकडे पाठ फिरवून उभा होता. दुसरा गर्डर पाहिला, तिसरा पाहिला. चौदाच्या चौदा गर्डर तसेच. प्रत्येकावर पंधरा स्टड बरोबर, पंधरा उलटे. एकूण दोनशे दहा उलटे. त्या अर्ध्या भागावर उभ्या राहणाऱ्या बाया आणि थप्प्या मला डोळ्यांपुढे दिसायला लागल्या. मी तिथेच पत्र्यावर बसलो.

जमील धावत आला. “काय झालं नाना? चक्कर आली का? मी म्हनलं होतं ना, आज येऊ नका.”

“जमील, मध्यावर बाजू का नाही बदललीस?”

तो गोंधळला. “बदलायची होती?”

“रस्त्याकडच्या भागात बदलली होती की! मी खुणा करून दिल्या होत्या.”

“हा, तिथं तुमच्या खुणा होत्या, म्हणून तसं लावलं. इथं नव्हत्या, म्हणून नकाशा बघितला. नकाशात गर्डर अर्धाच काढलाय.” त्यानं खिशातून घडी उलगडली. खरंच, अर्धाच होता. मध्यावर तुटक रेघ आणि एक लहानशी खूण. जाणत्याला कळतं, की पलीकडचं असंच, पण आरशातल्यासारखं उलट. जमील अनुभवानं शिकलेला, त्याला त्या खुणेचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. मीसुद्धा नाही.

“पण मी तुला टाळकऱ्यांचं सांगितलं होतं ना? अर्धे इकडे, अर्धे तिकडे?”

जमीलनं खाली बघितलं. बोटानं पत्र्याची शीर घासत राहिला.

“नाना, म्हणूनच तर गोंधळ झाला. मी देवळात पायलं. तुम्ही सगळे एकाच अंगाला होता. सहा माणसं, एक रांग. समोर कुणीच नव्हतं. भिंत होती, कॅलेंडर होतं. मी लय वेळ बघितलं, म्हनलं आत्ता येतील, आत्ता येतील. कुणी आलं नाय. मग मला वाटलं, नाना बोलताना दोन रांगा म्हणतात, पण असतं असंच. सगळे एकीकडं तोंड करून. त्या दिवशी विचारणार होतो, पण तुम्ही केळं दिलं, खुशीत होता. म्हनलं उद्या विचारू. उद्या तुम्ही आलाच नाय.”

बागेत कुठेतरी फवारणीचा ट्रॅक्टर चालू होता, त्याचा आवाज येत राहिला.

खरं होतं ते. नवनाथ दोन वर्षांमागे मुलाकडे पुण्याला गेला. त्याच्या शेजारचे दोघं एकाच पावसाळ्यात गेले. आणखी एकाचे गुडघे गेले, तो घरूनच फोनवर कीर्तन ऐकतो. समोरची रांग एकेक करत संपली. आमच्यापैकी कुणी पलीकडे जाऊन उभं राहिलं नाही, कारण आपली जागा सोडायची कशी? आणि मी डोळे मिटायला लागलो. मिटल्या डोळ्यांपुढे नवनाथ तसाच उभा असायचा, भुवई उडवायचा. मी जमीलला जे सांगत होतो ते तिथे राहिलेलंच नव्हतं.

“आता काय करायचं?” जमील हळूच म्हणाला. “चैताली मॅडम अकराला येणार. तुमची सही झाली की उद्या जाळी.”

चैताली मॅडम म्हणजे डिझाइनवाल्यांची इंजिनिअर. पंचविशीतली मुलगी, हुशार, पण स्टडकडे बघताना ती आकडा मोजते आणि मुळाशी वाकते. बाजू मी बघतो असं तिला माहीत होतं. मी सही केली असती तर परवा दुपारपर्यंत ते सगळं सहा इंच काँक्रीटखाली गेलं असतं. कुणाला कधी दिसलं नसतं. मजला कदाचित पाच वर्षं उभा राहिला असता, कदाचित पन्नास. हे मी मनात म्हटलं नाही असं नाही. म्हटलं.

जमील माझ्या शेजारी टेकला. “नाना, माझी चूक म्हणा. मी शिकलेला नाय, लोक समजून घेतील. फार तर हे काम जाईल, मी परत दुसऱ्याच्या टोळीत जाईन. पण तुम्हाला काढलं तर तुम्ही दिवसभर घरात काय करणार?”

हे तो इतक्या सहज म्हणाला. मला वाटत होतं माझं घर फक्त मला माहीत आहे.

अकराला चैताली मॅडम आल्या. गाडीचं हेल्मेट काढून साइटचं घालता घालताच म्हणाल्या, “काका, बरं वाटतंय ना? चेहरा किती उतरलाय. तुमची सही तेवढी राहिलीय. द्या पटकन, मला सिन्नरला जायचंय.”

“सही नाही होणार, मॅडम. इकडे या.”

मी त्यांना मध्यावर नेलं, दोन्हीकडचे स्टड दाखवले. त्या एकदा डावीकडे बघत, एकदा उजवीकडे. मग गर्डरवरून शेवटपर्यंत चालत गेल्या आणि परत आल्या. चेहरा लाल झाला होता.

“सगळे असेच?”

“चौदाही गर्डर. अर्धे अर्धे.”

“जमीलभाई, हे काय आहे? नकाशा वाचता येत नव्हता तर फोन करायचा ना! आम्ही हिशेब सगळा मजबूत बाजू धरून केलाय. हे उलटे किती कमी भार घेतील कळतंय का?”

जमीलची चार माणसं लांब उभी राहून ऐकत होती. तो मान खाली घालून म्हणाला, “चुकलं, मॅडम.”

“त्याचं नाही चुकलं,” मी म्हणालो. “माझं चुकलं.”

“काका, तुम्ही तर आजारी होता.”

“मी त्याला नकाशा समजावला नाही. टाळकऱ्यांचं उदाहरण दिलं. म्हटलं, आमच्या देवळात बघ आणि तसे लाव. तो बघून आला आणि तसेच लावले.”

“म्हणजे?” त्यांना कळेना. “टाळकरी तर दोन्हीकडे असतात ना? माझ्या आजोळी असायचे.”

सगळे माझ्याकडे बघत होते. साधं वाक्य होतं, पण मी ते कधी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. सोमाजवळ नाही, देवाजवळसुद्धा नाही.

“आमच्याकडे आता समोरची रांग नाही, मॅडम. माणसं राहिली नाहीत. आम्ही सहाजण एकाच बाजूला उभे राहतो. माझ्या ते ध्यानातच नव्हतं. म्हणजे, होतं. बघत नव्हतो.”

मॅडम कागदांची फाइल काखेत धरून बाजूला गेल्या आणि ऑफिसला फोन लावला. बराच वेळ बोलत होत्या. परतल्या तेव्हा आवाज खाली आला होता.

“जुने काढायचे नाहीत, त्यानं गर्डरला इजा होईल. ते राहू द्या. प्रत्येक उलट्या स्टडच्या पन्हळीत शिरेच्या पलीकडे, योग्य बाजूला, एक नवा लावायचा. थोडं तिरकं अंतर ठेवून. दोनशे दहा नवे. जाळ्या बाजूला करा. स्लॅब चार दिवस पुढे.” मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ठेकेदारांना मला खरं तेच सांगावं लागेल, काका.”

“खरंच सांगा. त्यात माझं नाव पहिलं घाला.”

तीन दिवस जमीलची टोळी लागून होती. पहिल्या सकाळी आधी मी खडू घेऊन प्रत्येक गर्डरच्या मध्यावर रेघ मारली आणि जमीलला बोलावून नकाशातल्या त्या खुणेचा अर्थ सांगितला, उदाहरण न देता. त्यानं तो आपल्या चारही माणसांना सांगितला. गन लागली की निळा लखलखाट व्हायचा, वेल्डभोवतीची पांढरी चिनी मातीची कडी हातोडीनं फोडली की आतून चकचकीत मूळ दिसायचं. प्रत्येक गर्डरवरचा एक नवा स्टड मी मुद्दाम ठोकून तिरका वाकवून पाहिला. एकाच्याही मुळाशी तडा नव्हता. जुने उलटे आणि नवे सुलटे एकाच पन्हळीत शेजारी शेजारी उभे होते, एकमेकांकडे तोंड करून.

“ही तर भांडायला उभी राहिलेली माणसं झाली,” जमील म्हणाला.

“असू देत. काँक्रीट दोघांनाही धरेल.”

मग जाळ्या अंथरल्या आणि सहाव्या दिवशी ढगळ सकाळी पंप लागला. काँक्रीट पन्हळीत उतरायला लागलं, स्टड कमरेइतके बुडाले, मग नुसत्या टोप्या दिसायला लागल्या, मग त्याही गेल्या. गवंड्यानं फळी फिरवली आणि सगळं सपाट राखाडी झालं. खाली कोण कुठे तोंड करून उभं आहे हे आता तिथल्या पाच-सात जणांनाच माहीत.

दुपारी ठेकेदाराचा फोन आला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “नाना, तुम्ही खरं बोललात, मला मान आहे. पण चार दिवस गेले. आणि तुमचं वयही झालं. आता आराम करा.” मी हो म्हणालो. जमीलचं काम टिकलं. चैताली मॅडमनीच पुढच्या साइटला त्याचं नाव सुचवलं होतं. ती साइट चाकणला.

निघताना जमीलनं मला बसथांब्यापर्यंत मोटरसायकलवर सोडलं. उतरल्यावर त्यानं डिकीतून एक डबा काढला. “कौसरनं शोरबा दिलाय. भाज्यांचाच हाय. डबा परत द्यायची घाई नाय. चाकणहून आलो की नेईन.”

“कधी येशील?”

“येईन की, नाना.”

बस आली. खिडकीतून पाहिलं तर तो अजून तिथेच उभा होता, एक पाय जमिनीवर टेकवून.

त्यानंतरचे दिवस लांब गेले. सकाळी सातला जाग यायची आणि कुठेच जायचं नसायचं. डबा घासून मी ओट्यावर उपडा ठेवला होता. एकदा नवनाथला फोन लावला. त्याच्या नातवानं घेतला, म्हणाला, आजोबा झोपलेत. उगाच उठवायला नको, म्हणून ठेवला.

मग एकादशी आली. सहाला मी देवळात गेलो. बुवा वीणा गळ्यात घालत होते. सोमा पखवाजाला कणीक लावत होता. केरू, माझा शेजारचा टाळकरी, आणि बाकीचे चौघं भिंतीशी आपापल्या जागी उभे होते, रांगेत पहिली जागा माझ्यासाठी मोकळी ठेवून. मी टाळ घेतले, देवाला नमस्कार केला आणि तिकडे न जाता फरशी ओलांडून पलीकडे गेलो. कॅलेंडरच्या भिंतीशी जाऊन उभा राहिलो.

“ओ कारभारीनाना,” सोमा ओरडला, “तिकडं कुठं? तारीख बघायची का?”

“नाही. आजपासून इकडे उभा राहतो.”

“एकटेच?”

“एकटाच.”

बुवांनी वळून पाहिलं आणि वीणेची तार छेडली. बायकांत थोडी कुजबुज झाली. मला लाज वाटत होती, खोटं कशाला सांगू. मोकळ्या फरशीच्या या टोकाला एक म्हातारा, दोन्ही हातांत टाळ घेऊन. डावीकडे कुणी नाही, उजवीकडे कुणी नाही.

पण मी डोळे मिटले नाहीत. समोर पाचजण होते. मी त्यांच्या शेजारी दोन वर्षं उभा होतो आणि त्यांची तोंडं मला माहीत नव्हती. केरूच्या गालाची हाडं वर आली होती. शेवटचा जो, त्याचे हात थरथरत होते, म्हणून त्याचा टाळ मागे पडायचा. मला इतके दिवस वाटायचं तो लक्ष देत नाही. त्यांनाही आज कॅलेंडरऐवजी कुणीतरी दिसत होतं.

सोमानं थाप मारली. बुवांनी नाम घेतलं. मी पहिला ठोका दिला आणि केरूकडे पाहून भुवई उडवली. तो दचकला. मग त्यानं हात जरा वर घेतले आणि पुढचा ठोका माझ्याबरोबर दिला.

त्याच्या शेजारची माझी जुनी जागा रिकामीच होती. कुणी सरकून ती भरली नव्हती. मी वाजवत राहिलो.